कड्यांच्या पायऱ्या कुणी पाहिल्या?

"प्राकृतिक भूगोल म्हणजे हिमनद्या आणि वाळवंटांच्या आकृत्या पाठ करणं, नाशिकमध्ये बसून त्यात बघायला काय मिळणार?" हा मुद्दा मला पटत नाही. पाठांतराची तक्रार खरी आहे, भूगोलाच्या पदवीला आमच्याही पहिल्या वर्षी तेच झालं. पण बघायला काही नाही, असं कसं? नाशिकजवळच्या अंजनेरी डोंगराकडे तोंड करून उभं राहा. उभा कडा, मग उतार, पुन्हा कडा. घट्ट बेसाल्टचा, म्हणजे लाव्हा थंड होऊन बनलेल्या काळ्या खडकाचा, कडा राहतो आणि सच्छिद्र, लवकर झिजणाऱ्या थराचा उतार होतो. दख्खनच्या या लाव्हा-थरांना 'डेक्कन ट्रॅप' म्हणतात, त्यातला ट्रॅप हा शब्दच मुळी स्वीडिश भाषेतल्या पायरीवरून आलाय.

माझं डोकं खरं उघडलं ते कसारा घाटात. रस्त्यासाठी कापलेल्या दरडीत दोन काळ्या थरांच्या मध्ये विटेच्या रंगाचा पट्टा होता. सरांनी खरवडायला सांगितलं, तर नखानेसुद्धा भुगा पडला, बोटं लाल झाली. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी एक लाव्हा थंड झाला, त्याचा माथा झिजून माती झाली, मग पुढच्या लाव्हाने ती भाजून काढली. म्हणजे तो पट्टा दोन उद्रेकांमधल्या शांततेचा पुरावा. अशा सांध्यातून अनेकदा पाणी पाझरतं. तेव्हापासून डोंगरात झरा दिसला की मी आधी त्याच्या मागचा खडक बघतो. भूगोलाला प्रवेश घेणाऱ्यांनी कॉलेजला एकच प्रश्न विचारा : वर्षात किती दिवस बाहेर नेता?