काकांनी ‘मुलाखतीला येऊ नका’ असे कळवले आहे. तरीही जावे का?

डोंबिवलीकर:
माझे मोठे काका, वय ७३, एका पतसंस्थेच्या जुन्या व्यवहारांवरून दाखल झालेल्या खटल्यात आठ महिन्यांपासून मुंबईतील कारागृहात कच्चे कैदी आहेत. दर पंधरवड्याला मी आणि काकू मुलाखतीला जातो. नाव नोंदवून दोन-अडीच तास थांबल्यावर काचेपलीकडे ते दिसतात आणि इंटरकॉमचा रिसीव्हर हाती येतो. काकांना उजव्या कानाने मुळीच ऐकू येत नाही, आणि डाव्या कानातील श्रवणयंत्र रिसीव्हर जवळ नेला की शिट्टी मारू लागते. म्हणून ते यंत्र काढून ठेवतात आणि काकूंच्या ओठांकडे पाहत राहतात. मागची सगळी भेट ‘काय म्हणालीस?’ यातच संपली. आता त्यांचे पत्र आले आहे की तुमची दगदग बघवत नाही, पुन्हा येऊ नका. त्यांचे ऐकावे का?

निवृत्त शिक्षिका, परळ:
ऐकू नये, असे मी अनुभवाने सांगते. माझ्या थोरल्या दिरांनीही असेच कळवले होते आणि आम्ही ते शब्दशः घेऊन दोन महिने गेलो नाही. सुटून आल्यावर त्यांच्याबरोबरच्या एका गृहस्थांनी सांगितले की, मुलाखतीच्या वारी दीर पहाटे दाढी करून, धुतलेला सदरा घालून बसत आणि दुपारनंतर तोच सदरा घडी करून ठेवत. काकूंनी पोस्टकार्डेही लिहावीत. ज्याला ऐकू येत नाही त्याला पत्र पुन्हा पुन्हा वाचता येते. मात्र खटल्याऐवजी घरातले लिहावे, कुंडीतल्या मोगऱ्याला कळ्या आल्या, दुधाचे बिल वाढले, असे.

कानाचे काम करणारा:
शिट्टीवर बहुधा उपाय आहे. यंत्र कानामागचे असेल, तर त्याचा मायक्रोफोन कानाच्या वरच्या कडेशी असतो, त्यामुळे रिसीव्हर कानाच्या भोकावर न दाबता थोडा वर आणि किंचित दूर धरून पाहावा. काही यंत्रांत दूरध्वनीसाठी वेगळी ‘टी’ सोय असते, पण ती सगळ्याच रिसीव्हरशी जुळत नाही. बटणासारखी बॅटरी आठवडा-दीड आठवड्यात संपते, तेव्हा यंत्र बंदच पडले नाही ना, हेही विचारा. कमी ऐकू येणारा वृद्ध माणूस बराकीतही हळूहळू बोलणे टाळू लागतो, आणि मग जेवण कमी होणे, दिवसभर पडून राहणे या खुणांकडे ‘वय झाले’ म्हणून दुर्लक्ष होते. असे काही दिसल्यास कारागृहाच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना लेखी कळवा.

वकील, फोर्ट:
कुटुंबीयांची भेट ही मेहेरबानी नव्हे. १९८१ च्या फ्रान्सिस कोराली मुलिन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ती घटनेच्या अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्काचा भाग मानली आहे. ऐकू येत नसल्याचे वैद्यकीय प्रमाणपत्र जोडून, बॅटऱ्या आत पोहोचवण्याची आणि समोरासमोर भेटीची परवानगी मागणारा अर्ज खटला चालवणाऱ्या न्यायालयात करता येतो. (असा अर्ज क्षुल्लक वाटू नये, पार्किन्सनने हात थरथरणाऱ्या, कच्च्या कैदेतील वृद्ध धर्मगुरू स्टॅन स्वामींना २०२० साली स्ट्रॉ आणि सिपरसाठी न्यायालयात जावे लागले होते.) वकील परवडत नसेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे.

जामिनाबाबत घाईने आशा धरू नका. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ नुसार कमाल शिक्षेच्या निम्मा, आणि पहिल्याच गुन्ह्यात एक तृतीयांश काळ कच्च्या कैदेत गेल्यास सुटकेचा मार्ग खुला होतो. परंतु पतसंस्थांच्या खटल्यांत अनेकदा जुन्या दंडसंहितेचे कलम ४०९ (सोपवलेल्या पैशांचा अपहार) लागते, त्यात जन्मठेपेची तरतूद असल्याने हा लाभ मिळत नाही. अशा वेळी आजारपण आणि विकलता यांचा मुद्दा कागदपत्रांसह मांडावा लागतो.

डोंबिवलीकर:
सर्वांचे आभार. कलम ४०९ लागलेलेच आहे. यंत्र कानामागचे आहे, त्यामुळे रिसीव्हर कसा धरायचा ते चित्र काढून मी आजच पत्रात पाठवतो, आणि त्याच पाकिटात काकूंनी मोगऱ्याविषयी दोन पाने लिहिली आहेत. मंगळवारी जातो आहोत. काचेला लावून दाखवण्यासाठी ठळक अक्षरांत लिहिलेली वही आत नेऊ देतात का, हे कोणास ठाऊक असल्यास त्याआधी कळवावे.