फर्टिलिटी आणि फेकंडिटी, दोन्हींना ‘प्रजननक्षमता’च?

दुभाषी: लोकसंख्याशास्त्रावरचा एक लेख मराठीत करतेय आणि एका वाक्यापाशी तीन दिवस अडलेय. ‘स्त्रियांची फेकंडिटी होती तशीच राहिली, फर्टिलिटी मात्र निम्म्यावर आली.’ मी दोन्हीकडे ‘प्रजननक्षमता’ लिहून मोकळी झाले होते. तपासणाऱ्याने समासात लिहिलं, ‘क्षमता तशीच राहिली आणि निम्मीही झाली?’ चूक माझीच. फेकंडिटी म्हणजे मूल होण्याची शारीरिक क्षमता, फर्टिलिटी म्हणजे प्रत्यक्ष झालेली मुलं. दोन वेगळे शब्द हवेत.

आकडेमोड: ‘क्षमता’ फेकंडिटीलाच ठेवा, फर्टिलिटीला नुसतं ‘प्रजनन’. ‘महिलांची प्रजननक्षमता घटली’ असा मथळा वाचला की बायकांना काही आजार झालाय असं वाटतं. घटलेला असतो तो दर. लग्नं उशिरा होतात, गर्भनिरोधक वापरली जातात, दोनावर थांबतात. शरीर ठणठणीत असतं.

जुनी_वही: पण डॉक्टर फर्टिलिटी म्हणतात तेव्हा त्यांना क्षमताच म्हणायची असते. म्हणजे गोंधळ मुळातच आहे, मराठीला का बोल?

आकडेमोड: खरंय. फ्रेंचमध्ये तर उलटंच. तिथे ‘फेकाँदिते’ म्हणजे झालेली मुलं आणि ‘फर्तिलिते’ म्हणजे क्षमता. फ्रेंचमधून अनुवाद करणाऱ्याचे हाल विचारू नका.

शुद्धमती: ‘प्र’ कशाला? ‘जनन’ पुरेसं आहे. ‘प्र’ लावला की शास्त्रीय वाटतं, एवढंच. आणि ‘दर’ फारसी, त्याऐवजी ‘प्रमाण’ म्हणावं.

आकडेमोड: ‘प्रमाण’ घेतलंत तर रेट कुठला नि रेशो कुठला, सगळा काला होईल. शिवाय प्रत्येक दराला विचारायचं, भागिले कोण? जन्मदर हजार लोकांमागे, वर्षाच्या मध्याला असलेल्या लोकसंख्येवर काढलेला. त्या हजारांत पुरुष, आजीबाई, तान्ही बाळंसुद्धा आली. सामान्य प्रजनन दर घेतला की भागिले १५ ते ४९ वयाच्या स्त्रिया, काही जण ४४ पर्यंतच घेतात. एकूण प्रजनन दर तर हजारांमागे नसतोच, एका स्त्रीमागे असतो. तीही खरी स्त्री नव्हे. या वर्षीचे वयोवार दर जन्मभर तसेच राहिले आणि ती पन्नाशीपर्यंत जगली, तर तिला किती मुलं होतील, हा हिशोब.

कुतूहल: मग लोकसंख्या घटू नये म्हणून एका स्त्रीमागे २.१ मुलं हवीत म्हणतात, तो २.१ कुठून येतो? आई-बापाच्या जागी दोन पुरेत की.

आकडेमोड: आईच्या जागी मुलगी हवी. १०० मुलींमागे साधारण १०५ मुलगे जन्मतात, आणि जन्मलेल्या सगळ्या मुली आई होण्याच्या वयापर्यंत जगत नाहीत. त्या दोन्हींची भरपाई म्हणजे ०.१. मृत्यू जास्त असतील तिथे २.१ देखील पुरत नाही.

जुनी_वही: शुद्धमती, ‘दर’ काढलात तर ‘दरडोई’चं काय करणार? अर्धा फारसी, अर्धा मराठी, आणि कुणाला खटकत नाही. आमचे आजोबा जनगणनेला खानेसुमारीच म्हणायचे. खाना म्हणजे घर, शुमारी म्हणजे मोजणी. म्हणजे मुळात घरं मोजायची. माणसं मोजली की ती शिरगणती.

शुद्धमती: आजोबा म्हणत म्हणून शब्द शुद्ध ठरत नाही. ‘जनगणना’ अर्थाने स्वच्छ आहे, माणसं मोजतो हे सरळ सांगतो.

जुनी_वही: कुठली माणसं, ते नाही सांगत. मोजणीच्या रात्री जो जिथे झोपला तिथे मोजायचा, की जिथला कायमचा रहिवासी तिथे? दोन्ही पद्धती आहेत, आकडे वेगळे येतात.

कुतूहल: अवांतर: ‘लोकसंख्या स्थलांतर करते’ हे मला नेहमी खटकतं. संख्या कशी चालत जाईल? जातात ते लोक.

आकडेमोड: ‘वृद्ध लोकसंख्या’ त्याहून भारी. आकड्याला दाढी आल्यासारखं वाटतं.

शुद्धमती: मग पॉप्युलेशनला ‘जनसमूह’ म्हणा.

आकडेमोड: आणि संख्याशास्त्रातल्या ‘समष्टी’चं काय? तिथे पॉप्युलेशन म्हणजे कारखान्यातले खिळेसुद्धा.

दुभाषी: मंडळी, माझं वाक्य! आज पाठवायचंय. ‘मूल होण्याची क्षमता तशीच राहिली, झालेली मुलं मात्र निम्मी’ असं लिहू का?

शुद्धमती: ही संज्ञा नव्हे, व्याख्या झाली. लेखात हे वीस वेळा आलं तर?

दुभाषी: एकतीस वेळा आलंय.

आकडेमोड: आणि ‘झालेली मुलं’ म्हणताना जिवंत जन्मलेलीच धरायची, हे कुठेतरी सांगावं लागेल.

कुतूहल: जुनी_वही, त्या ‘शुमारी’तूनच ‘सुमारे’ आणि ‘बेसुमार’ आले का? मग मोजण्याच्या शब्दाचा अर्थ ‘अंदाजे’ कसा झाला?

जुनी_वही: त्यातूनच. आणि ‘सुमार दर्जाचा’ विसरलात.