मदत हवी आहे: भाजी डब्यातच, मुलं सोफ्यावरच

नमस्कार मंडळी. आम्ही दादरला राहतो. मुलगा 9 वर्षांचा, मुलगी 6. डब्यातली पोळी संपते, भाजी तशीच परत येते. वेफर्स मात्र लगेच फस्त. (ते आणतात त्यांचे बाबाच, ऑफिसातून येताना. त्यांना कोण सांगणार?)

जागतिक आरोग्य संघटना 5 ते 17 वयाच्या मुलांना रोज सरासरी 60 मिनिटं तरी धावपळ, खेळ हवा म्हणते. आमच्याकडे जेमतेम 15, तेही लिफ्ट बंद पडली तर! शिवाजी पार्क जवळ आहे, पण आम्ही दोघं घरी पोचतो साडेआठला. रविवारी चौघं लगोरी खेळतो, तेव्हा मुलं घरी यायला तयार नसतात. मधल्या दिवसांत कसं जमवता? आणि पावसाळ्यात? नाचणीचं काय खातात तुमची मुलं? आमच्याकडे आंबील नापास झालीय.