सुपरइनकंबंट लोड म्हणजे नेमका कोणता भार?

प्रश्न: उलव्यातल्या एका प्लॉटच्या सॉईल रिपोर्टचं मराठी करतोय. 'सुपरइनकंबंट लोड'ला 'अधिभार' चालेल का? माझ्याकडच्या शब्दकोशात नुसतं 'वर असलेला' एवढंच दिलंय.

उत्तर: 'अधिभार' नको. वाचणाऱ्याला आधी वीजबिल आठवेल. शिवाय स्थापत्यात तो सरचार्जसाठी वापरतात, म्हणजे जमिनीवर बाहेरून आणून टाकलेलं जादा वजन. इथे मातीचं स्वतःचं वजनही धरायचं असतं. दहा मीटर खोलीवरचा चिकणमातीचा थर घ्या. त्याच्यावर खाडीचा गाळ, गाळावर मुरमाचा भराव. हे सगळं त्या थरासाठी सुपरइनकंबंट.

'वर असलेला' हा अर्थही अपुरा पडतो. मूळ लॅटिन क्रियापद 'इन्कुम्बेरे', म्हणजे अंग टाकून रेलणं. त्यामुळे वजन खालच्यावर पडायलाच हवं. कमानीवर उभी असलेली भिंत सुपरइनकंबंट, डोक्यावर टांगलेला पंखा नाही. आणि हे विशेषण नेहमी वरच्या वस्तूला लागतं, दबणाऱ्या थराला कधीच नाही. भाषांतरात इथेच उलटापालट होते, तेवढं जपा.

आपल्याकडच्या खाजणात हा भार डोळ्यांना दिसतो. मुरूम घनमीटरला साधारण 1.8 ते 2 टन भरतो. तीन मीटर भराव टाकला की खालच्या मऊ चिकणमातीवर दर चौरस मीटरला साडेपाच-सहा टन आले. सुरुवातीला ते वजन मातीतलं पाणीच पेलतं. चिकणमातीतून पाणी फार सावकाश निघतं, जसजसं निघेल तसतसा थर दबतो, आणि हे वर्षानुवर्षं चालतं. इमारत पाइलवर, म्हणजे खडकापर्यंत खोल नेलेल्या खांबांवर असते, ती जागची हलत नाही. भोवतालचे पेव्हर ब्लॉक मात्र खाली जातात आणि प्रवेशद्वाराशी एक जादा पायरी बांधावी लागते.

प्रश्न: मग ओव्हरबर्डन वेगळं का?

उत्तर: मृदा यांत्रिकीत जवळपास तेच, आणि आजच्या रिपोर्टांत तोच शब्द जास्त भेटतो. खाणीत मात्र ओव्हरबर्डन म्हणजे खनिजापर्यंत पोचायला काढून टाकायची वरची माती-दगड. सुपरइनकंबंट जुन्या भूविज्ञानाच्या पुस्तकांत खूप सापडतो, बोलण्यात जवळजवळ नाहीच.

तुमच्या रिपोर्टात 'वरील थरांचा भार' लिहा. त्या आकड्यात इमारतीचं वजनही धरलं असेल तर 'वरील थर व बांधकाम यांचा एकत्रित भार'. लांब होतं खरं, पण साइटवरच्या सुपरवायझरलाही एका वाचनात कळेल.