गोल काड्यांची ही पाणवनस्पती कोणती?

प्रश्न

नमस्कार. करवीर तालुक्यातील आमच्या उसाच्या शेतालगत पाण्याचा एक चर आहे. त्याच्या काठावरून दीड वर्षापूर्वी मी एका वनस्पतीचा छोटा ठोंब आणून कोल्हापुरातील घरी कुंडीत लावला. तिला पाने जवळजवळ नाहीतच. हिरव्यागार, गोल, गुळगुळीत काड्या कमरेएवढ्या उंच वाढतात आणि टोकाच्या चार बोटे खाली, काडीच्या एका अंगाला, तपकिरी झुबका येतो. शेजारी तिला लव्हाळा म्हणतात. पण शेतात ज्या लव्हाळ्याने आम्हाला जेरीस आणले आहे, तो असा दिसत नाही. उन्हाळ्यात टोके पिवळी पडली म्हणून मी ती छाटली, तर त्या काड्यांची वाढच थांबली. ही वनस्पती कोणती आणि ती कशी सांभाळावी?

पहिले उत्तर

ताई, आपली शंका योग्य आहे. उसातला लव्हाळा म्हणजे नागरमोथा, अर्थात सायपेरस रोटंडस. त्याची काडी तिधारी असते आणि जमिनीखाली दोऱ्यासारख्या मूळखोडांवर गाठी असतात. आपल्या वर्णनावरून दोन शक्यता उरतात: जुंकस (वेगळ्या कुळातील, अशाच काड्यांची वनस्पती), किंवा मोथ्याच्याच कुळातील गोल काडीची एखादी जात. झुबका कडेला दिसतो एवढ्यावरून निर्णय होत नाही, कारण दोन्हींमध्ये झुबक्याच्या वरचा भाग काडीसारखा दिसणारे एक पानच असते. खरी ओळख फुलात आहे. जुंकसच्या फुलाला सहा बारीक दले असतात आणि त्याच्या बोंडात अनेक सूक्ष्म बिया भरतात. मोथ्याच्या कुळात खवल्यांवर खवले रचलेले असून प्रत्येक खवल्याआड एकच कठीण फळ असते. भिंगाने पाहून कळवावे.

प्रश्नकर्ती

भिंगाने पाहिले. खवलेच आहेत आणि प्रत्येकाखाली एकेक चपटा, तपकिरी दाणा निघाला.

दुसरे उत्तर

मग ही मोथ्याच्या कुळातील, बहुधा स्कोनोप्लेक्टस या प्रजातीतील वनस्पती आहे. जुन्या पुस्तकांत तिच्या अनेक जाती स्किर्पस या नावाखाली सापडतील. जात निश्चित करायची असेल, तर झुबक्यासह पूर्ण काडी आणि मुळाचा तुकडा वर्तमानपत्रात दाबून वाळवावा व शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागात दाखवावा. नुसत्या छायाचित्रावर कोणी जातीचे नाव सांगितले, तर मी त्यावर विसंबणार नाही.

तिसरे उत्तर

मी अशा वनस्पती बरीच वर्षे टबात वाढवतो, म्हणून संगोपनाविषयी लिहितो. या काड्यांची वाढ बुडापासून होते; टोक छाटले की ती काडी पुन्हा वाढत नाही, कापलेला भाग तपकिरी होऊन तसाच राहतो. त्यामुळे पिवळी काडी अर्ध्यावर न छाटता थेट बुडाशी कापावी, म्हणजे नव्या कोंबांना उजेड मिळतो. आपल्याकडची काळी चिकण माती उत्तम. वर वाळूचा थर द्यावा, म्हणजे पाणी गढूळ होत नाही. भोक नसलेल्या टबात मातीवर चार-पाच सेंटीमीटर पाणी कायम ठेवावे आणि टब भरपूर उन्हात असावा. माझ्या मते आपल्याकडे टोके पिवळी पडली ती एप्रिल-मेमध्ये कुंडी मधूनमधून कोरडी पडल्याने. शेणखत पाण्यात मिसळू नये, शेवाळ माजते. डासांसाठी दोन-चार गप्पी मासे पुरतात. जूनच्या पहिल्या सरींनंतर ठोंब काढून, प्रत्येक तुकड्याला मूळखोड आणि दोन-तीन कोंब राहतील असा विभागून लावावा. उरलेले तुकडे मात्र पुन्हा चरात टाकू नयेत. आडव्या मूळखोडाने ते झपाट्याने पसरतात आणि शेतातल्या पाण्याचा निचरा अडतो.