आधी संकासुर, मग पुस्तक

तुम्ही ८ वर्षांच्या लेकीसाठी सणांची आणि स्वतःसाठी पुराणकथांची पुस्तकं विचारलीत. लेकीसाठी चित्रांचं काहीही घ्या, फक्त त्यात दर्या आहे का बघा. नारळी पौर्णिमेला आमच्या मालवणात समुद्राला नारळ देतात. बहुतेक पुस्तकं ते एका ओळीत उरकतात, राखीला मात्र चार पानं! आमच्या पोराने दशावतारी नाटकात वेद पळवणारा काळा संकासुर बघितला (आधी माझ्या मांडीत लपला), तेव्हा कुठे मत्स्यावताराची गोष्ट स्वतःहून वाचली. तुमच्यासाठी इरावती कर्वे यांचं 'युगान्त', १९६७ चं. कुंती, द्रौपदी त्यात माणसं म्हणून भेटतात. कर्णावरचं प्रकरण सावकाश वाचा. आणि कार्तिकी पौर्णिमेच्या सुमारास आमच्याकडे दशावताराच्या जत्रा सुरू होतात, लेकीला घेऊन याच.