मदत हवी आहे: कोळसा खाणीजवळच्या विहिरींचं पाणी कसं तपासत राहायचं?

मंडळी, नमस्कार. मी किनवटचा, जि. नांदेड. धाकटी बहीण पैनगंगेपलीकडे वणी तालुक्यात दिली आहे. तिच्या शिवाराला लागून कोळशाची उघडी खाण आहे आणि खाणीतून उपसलेलं पाणी नाल्यात सोडतात. अलीकडे त्यांच्या विहिरीचं पाणी हंड्यात रात्रभर ठेवलं की तळाशी तांबूस गाळ बसतो, तुरीची डाळ शिजता शिजत नाही. दाजी म्हणतात खाणीमुळे. गावातली जुनी माणसं म्हणतात, इथलं पाणी आधीपासूनच जड.

गावातल्या पोरांना हाताशी धरून नीट नोंदी ठेवायच्या आहेत. पण आमच्या किनवट भागात आणि यवतमाळच्या बऱ्याच गावांत खडकामुळेच पाण्यात फ्लोराइड येतं, जवळपास खाण नसली तरी. उद्या तेवढ्यावर बोट ठेवलं तर पहिल्याच बैठकीत आम्ही तोंडघशी पडू. मग खाणीचा परिणाम वेगळा ओळखायचा कशावरून? नमुने कुठून आणि वर्षातून किती वेळा घ्यायचे? लेकरं तेच पाणी पितात, म्हणून जिवाला घोर लागलाय. जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद:
भाऊ, फ्लोराइड मोजाच, पण मुख्य लक्ष सल्फेटवर ठेवा. कोळशातल्या नि आसपासच्या खडकातल्या पायराइटला (लोह-गंधकाचं खनिज) हवा-पाणी लागलं की आम्ल, सल्फेट आणि लोह सुटतं. खडकात चुना असला तर आम्ल तिथंच मरतं. पीएच (पाणी किती आम्ल ते सांगणारा आकडा) ७ च्या, म्हणजे ना आम्ल ना अल्कली, आसपास दिसतो, सल्फेट मात्र वाढलेलं राहतं. म्हणून नुसत्या पीएचवर विसंबू नका. पिण्याच्या पाण्याच्या आयएस १०५०० मानकात सल्फेट लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत, दुसरा स्रोत नसेल तर ४००. सोबत टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार), कठीणपणा (जडपणा), लोह, मँगनीज आणि नायट्रेट. नायट्रेट वाढलं असेल तर आधी खत-उकिरड्याकडे बघा.

सगळ्यात महत्त्वाचं, खाणीच्या वरच्या अंगाची, तसाच खडक असलेली एक विहीर निवडा आणि तिचा नमुना त्याच दिवशी घ्या. ती तुलना नसेल तर बाकीचे आकडे कुणी मानणार नाही. नाल्याचं पाणी खाणीचं पाणी मिसळण्याआधी आणि नंतर, दोन्हीकडून घ्या. निदान मे आणि नोव्हेंबरमध्ये तरी. जानेवारी-ऑगस्टही जमलं तर उत्तम. दर वेळी दोरीला वजन बांधून पाण्याची पातळी मोजा, कारण खाणीच्या उपशानं विहिरी खाली जातात.

बाटली त्याच पाण्यानं तीनदा विसळा. धातूंसाठीची बाटली प्रयोगशाळेकडूनच आम्ल घालून आणा, ती विसळायची नाही. भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळेत आधी विचारून जा. पर्यावरण मंजुरी असलेल्या खाणीला दर सहा महिन्यांनी अनुपालन अहवाल, म्हणजे मंजुरीच्या अटी पाळल्याचा अहवाल, द्यावा लागतो. तो मागवा आणि त्यातले पाण्याचे आकडे तुमच्या नोंदींशी ताडून बघा.

तपासणी होईपर्यंत लेकरांना दुसरीकडचं पाणी द्या. उकळून सल्फेट-फ्लोराइड जात नाही. विहीर खाणीपासून किती लांब आणि नाल्याच्या कोणत्या बाजूला आहे ते लिहा, मग नमुन्याच्या जागा ठरवू.